सांभाराची जुडी आणि जंताची गोळी

गोड खाल्लं म्हणून पोटात जंत होत नाहीत. गुळात किंवा पेढ्यात जंताचं अंडं नसतं. ते माणसाच्या शौचातून मातीत पडतं आणि मातीतून भाजीवर, हातावर, तिथून तोंडात जातं. गांडुळासारखा दिसणारा गोल जंत वीत-दीड वीत लांब असतो आणि त्याची एक मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. ताजं अंडं लागण करत नाही. ओल्या, सावलीतल्या मातीत २ ते ४ आठवडे मुरलं की ते पक्कं होतं आणि पुढे वर्षानुवर्षं टिकू शकतं. गोळी फक्त पोटातले जंत काढते. गोदरी, म्हणजे उघड्यावर शौचाला बसायची जागा, जवळ असेल, नाल्याच्या पाण्यावर भाजी पिकत असेल, तर काही महिन्यांत पोट पुन्हा जंतांनी भरतं. म्हणून आधी भाजी धुण्याचं पाहू.

आपल्याकडे सर्वांत जास्त कच्चा खाल्ला जातो तो सांभार, म्हणजे कोथिंबीर. रश्श्यावर, पोह्यावर, ठेच्यात, सगळीकडे तो वरून पडतो. जुडी आख्खी नळाखाली धरली तर मधल्या काड्या कोरड्याच राहतात. दोरा सोडा, मुळं आणि मातीचा खालचा बोटभर भाग कापून टाका, काड्या सुट्या करा. मोठ्या गंजात (पातेल्यात) पाणी घेऊन त्यात सांभार बुडवा आणि हाताने चांगला खळबळा. दोन मिनिटं थांबलात की माती तळाला बसते. आता सांभार हाताने वर उचलून काढा. गंज चाळणीत उपडा केला तर तळाची माती, म्हणजे अंडीसुद्धा, पुन्हा पानांवर येऊन बसतात. ही चूक जवळजवळ प्रत्येक घरी होते. पाणी बदलून हेच तीनदा करा. तळाला माती दिसेनाशी झाली की शेवटी वाहत्या पाण्याखाली धरा. धुतलेलं पाणी परसातल्या सांभार-मेथीच्या वाफ्यात टाकू नका, झाडाच्या बुंध्याशी टाका.

मीठ, तुरटी, लाल औषध (पोटॅशियम परमँगनेट), ब्लीचिंगचे थेंब यांनी जुलाबाचे बरेच जंतू मरतात, पण गोल जंताच्या अंड्याचं कवच जाड आणि चिकट असतं. घरी वापरतो तेवढ्या औषधाने ते मरत नाही. चोळल्याने निघतं आणि उकळल्याने मरतं. त्यामुळे पावसाळ्यात सांभार वरून पेरण्यापेक्षा रस्सा उकळत असतानाच टाका आणि मिनिटभर उकळू द्या. वास थोडा कमी होईल, तेवढं सोसा. मुळा, गाजर काथ्याने घासून, साल काढून खावं. वावरात उपटून पँटीला पुसून खाल्लेला मुळा हा जंताचा सरळ रस्ता आहे.

दोन खड्ड्यांचा संडास असेल तर भरलेला खड्डा बंद केल्यावर किमान वर्षभर, जमल्यास दोन वर्षं उघडू नका. त्यातलं खत संत्र्याच्या झाडांना घाला, कच्च्या खायच्या भाजीला कधीच नाही.

आता गोळी. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची गोळी अंगणवाडीत आणि शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना जंतनाशक दिनी फुकट मिळते. १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम. दोन चमच्यांमध्ये बारीक चुरून पाण्यात कालवून द्यायची. २ वर्षांवर पूर्ण गोळी, पण लहान लेकरांना तीही चुरूनच. मोठ्यांनी चावून खावी, आख्खी गिळू नये. रडणाऱ्या किंवा आडव्या झोपलेल्या मुलाच्या तोंडात गोळी कोंबू नका. ती श्वासनलिकेत अडकू शकते, आणि हा धोका औषधाच्या धोक्यापेक्षा मोठा आहे. उपाशी ठेवायची गरज नाही, वरून एरंडेल पाजायचीही नाही. ताप किंवा आजार असेल त्या दिवशी टाळा, बरं वाटल्यावर द्या. गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नये, नंतरही डॉक्टरला विचारूनच. ज्याला कधी फिट आली असेल त्याला आधी डॉक्टरला दाखवा. कारण पुढे दिलं आहे.

गोळीनंतर पोटात थोडं दुखलं, मळमळलं तर घाबरू नका. जंत जास्त असले की असं होतं. पण पोट फुगलं, उलट्या थांबत नाहीत, शौच आणि वारा दोन्ही बंद, असं गोळीच्या आधी किंवा नंतर कधीही दिसलं तर जंतांच्या गाठोड्याने आतडं अडलेलं असू शकतं. अशा वेळी घरी आणखी गोळी देऊ नका, तडक रुग्णालय गाठा.

पळसाच्या बिया आणि वावडिंग जुने उपाय आहेत, पण घरी कुटलेल्या पुडीत औषध किती उतरलं ते कळत नाही. लहान मुलांवर तो प्रयोग नको.

रात्री गुदाशी खाज आणि दोऱ्यासारखे पांढरे, सेंटीमीटरभर किडे दिसले तर ते सूतकृमी. यात घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्यायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण गोळीतून वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात. नखं कापा, सकाळी उठल्याबरोबर ढुंगण धुवा, चादरी गरम पाण्यात काढा. शौचाच्या तपासणीत हे बहुधा सापडत नाहीत.

अंकुशकृमी मुख्यतः अनवाणी पायांतून शिरतात आणि रक्त पितात. निंदणाला चप्पल घाला, रक्त कमी असेल तर गोळीसोबत लोहाच्या गोळ्याही लागतात.

शौचात दुधीच्या बीसारखे चपटे, पांढरे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. त्यावर अल्बेंडाझोलच्या एका गोळीचा भरवसा नाही. प्राझिक्वांटेल वजनावरून डॉक्टर देतात. तुकडा स्वच्छ डबीत पाण्यात घालून दाखवायला न्या, ओळख पटकन पटते. डुकराच्या मटणात साबुदाण्यासारखे दाणे दिसले तर ते मटण घेऊच नका. एरवीही आतला भाग गुलाबी राहणार नाही इतकं शिजवा. निखाऱ्यावर भाजताना जाड तुकडा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. लहान तुकडे करून आधी उकळून घ्या.

डुकराचं मटण खाल्ल्यानेच मेंदूत गाठी होतात, हा इथला सगळ्यात मोठा गैरसमज आहे. डुकराचं अर्धवट शिजलेलं मटण खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूत या कृमीच्या अळ्यांच्या गाठी होतात त्या मात्र पट्टकृमी असलेल्या माणसाच्या शौचातली अंडी पोटात गेल्याने. म्हणून जन्मात मटण न खाल्लेल्या माणसालाही यामुळे फिट येते. कारण तीच न धुतलेली भाजी, किंवा घरातल्याच कुणाचे न धुतलेले हात.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान सरकवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. थांबली तरी सीटी स्कॅन किंवा एमआरआय जिथे होतं तिथे जा. नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज आणि सेवाग्रामचं रुग्णालय नागपूर-वर्ध्याकडच्या आपल्या बहुतेक तालुक्यांना सोयीचं पडतं. मेंदूतली गाठ औषधाने मरताना भोवती सूज येते आणि फिट वाढू शकते. म्हणून डॉक्टर आधी फिटचं औषध सुरू करतात, डोळे तपासतात, सूज आवरायला स्टेरॉइड देतात आणि मगच कृमीचं औषध देतात. काही गाठींना ते लागतही नाही. स्कॅन न करता औषधाच्या दुकानातून आणलेली जंताची गोळी अशा माणसाला देऊ नका, आणि फिटचं औषध बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

घरी परतल्यावर एक काम उरतं. घरातल्या सगळ्यांचं शौच तपासून घ्या, स्वयंपाक करणाऱ्यांचं आधी. रुंद तोंडाची कोरडी डबी, बोराएवढा नमुना, लघवी न मिसळलेला, आणि जंताची कुठलीही गोळी घेण्याआधीचा. एकदा काही सापडलं नाही तरी वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्या, कारण पट्टकृमीची अंडी रोज पडत नाहीत.