सांगलीत बीआयवर बोलायला उभे राहणार असाल तर

सांगली-मिरजेकडच्या एखाद्या टेक मीटअपमध्ये बिझनेस इंटेलिजन्सवर (बीआय, म्हणजे धंद्याच्या आकड्यांतून निर्णयाला उपयोगी माहिती काढणं) बोलायला बोलावलं, तर आधी मायक्रोसॉफ्टचा तो सायकल कंपनीचा नमुना डेटाबेस, अ‍ॅडव्हेंचर वर्क्स, बाजूला ठेवा. जो तो तोच दाखवतो आणि समोरच्या पोरांना त्या सायकलींशी काही घेणंदेणं नसतं. मी हळद घेतो.

मार्केट यार्डातली राजापुरी हळद इथं कुणाला समजावून सांगावी लागत नाही. कुणाचा काका अडत्या, कुणाच्या रानात हळद. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर बाजारसमित्यांची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण भाव मिळतात. आकडे पडद्यावर टाकायचे आणि विचारायचं, सरासरी भाव किती? समजा, सोमवारी १०० क्विंटल माल आला, भाव १२,००० रुपये. मंगळवारी १,००० क्विंटल, भाव १५,०००. सगळे एका सुरात सांगतात, साडेतेरा हजार. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये भावाचा कॉलम ओढून ‘अ‍ॅव्हरेज’ निवडलं तरी हेच उत्तर येतं. पण माल बहुतेक सगळा मंगळवारी विकला गेलाय! मग सगळ्यांसमोर सम-एक्स (SUMX), म्हणजे ओळीओळीने हिशोब करून बेरीज घेणारं पॉवर बीआयचं फंक्शन, वापरून लिहायचं: आवक गुणिले भाव, त्याची बेरीज, भागिले एकूण आवक. उत्तर १४,७२७. क्विंटलमागे बाराशेवर रुपयांचा फरक म्हटला की मागच्या बाकावरचेही मोबाइल खाली ठेवतात.

इथं घाई करू नका. कुणीतरी हमखास विचारतं, “सर, हा भाव हळकुंडाचा की गड्ड्याचा?” याहून चांगला प्रश्न तुम्हाला मिळणार नाही. डेटातली एक ओळ नेमकी कशाची, हे ठरल्याशिवाय मॉडेल उभं राहत नाही, आणि ते यार्डात वावरलेल्याला लवकर कळतं. फॅक्ट टेबल (व्यवहारांच्या नोंदी), डायमेन्शन (तारीख, माल, बाजार अशी वर्णनाची टेबलं), स्टार स्कीमा (मधे फॅक्ट, भोवती डायमेन्शन) हे सगळं या प्रश्नाच्या पाठीवर सांगा. चार्टचे रंग दाखवण्यात वेळ घालवू नका, ते पोरं घरी यूट्यूबवर बघतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाका, नाहीतर नंतर आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅप येत राहतं: पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण फक्त विंडोजवर चालतं. ऑनलाइन सेवेत खातं काढायला जीमेल चालत नाही, कॉलेजचा किंवा ऑफिसचा ईमेल लागतो.

मग करिअरचे प्रश्न. “पुण्याला जावंच लागतं का?” मोठ्या कंपन्यांची कामं पुण्यात जास्त, हे लपवण्यात अर्थ नाही. पण इथल्या जाहिरातींत ‘बीआय डेव्हलपर’ शोधाल तर हाती फार लागणार नाही. ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह’ शोधा. साखर कारखाना, दूध संघ, फाउंड्री, मोठं हॉस्पिटल, सगळीकडे रोज सकाळी कुणीतरी एक्सेलमध्ये रिपोर्ट काढत बसलेलं असतं. काम तेच. फ्रेशरने तिथून सुरुवात केली तर मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

सर्टिफिकेटबद्दल विचारतातच. पीएल-३०० ही मायक्रोसॉफ्टची पॉवर बीआयची परीक्षा द्यायची तर द्या, पण माझ्या मते आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. त्यातलं जॉइन (टेबलं जोडणं) आणि ग्रुप बाय (गटवार हिशोब) कागदावर लिहिता आलं पाहिजे, कारण मुलाखतीत तेच विचारतात. प्रोजेक्ट म्हणून काय दाखवायचं, तर काकांच्या अडत दुकानाची टॅलीतली एका हंगामाची उधारी. मात्र शेतकऱ्यांची नावं काढून टाका, आणि काकांना विचारून.