जुन्या सजावटीचा फ्लॅट विकायला काढताना

पुण्यातल्या एखाद्या सोसायटीतला पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा फ्लॅट विकायला काढला, की मालकाच्या नजरेला सरावलेल्या गोष्टी घर बघायला येणाऱ्याला दारातच दिसतात. जुन्या खोक्यासारख्या टीव्हीसाठी केलेला खोल कप्पा आणि त्याभोवतीचे गडद सनमायक्याचे भिंतभर शोकेस, पीओपीच्या छतातले रंगीत दिवे, एकाच भिंतीवरचा जांभळा किंवा नारिंगी टेक्स्चर रंग, बाथरूममध्ये अर्ध्या भिंतीपर्यंतच पोचलेल्या टाइल्स. हे सगळे करून घेतले तेव्हा त्यामागे हौस होती आणि खर्चही बराच झालेला असतो, त्यामुळे विक्रीच्या किमतीत तो खर्च धरण्याचा मोह होतो. तो मोह आधी सोडावा. रेडी रेकनरच्या, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या, दरात शोकेस मोजले जात नाही, आणि बँकेचा मूल्यांकनकारही मुख्यतः क्षेत्रफळ, परिसर, इमारतीचे वय आणि बांधकामाची स्थिती पाहतो.

सजावट जुनी असल्याने नेमके काय बिघडते, हे घेणाऱ्याच्या खिशाकडे पाहिले म्हणजे कळते. ८० लाखांचा फ्लॅट घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के असू शकते. म्हणजे ६४ लाख कर्जाचे आणि १६ लाख पदरचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क या हिशेबात धरता येत नाही. पुणे शहरात पुरुष खरेदीदाराला ७ टक्के दराने ५ लाख ६० हजारांचे मुद्रांक शुल्क आणि ३० हजारांचे नोंदणी शुल्क भरावे लागते, त्यामुळे पहिला हप्ता सुरू होण्याआधीच जवळजवळ २२ लाख रोख निघून जातात. त्यानंतर स्वयंपाकघर आणि दोन्ही बाथरूम नव्याने करायची असतील तर तो पैसा उरलेल्या शिलकीतून काढायचा, आणि काम चालू असेपर्यंत कर्जाचा हप्ता व राहत्या घराचे भाडे दोन्ही भरायचे. म्हणूनच समोरचा माणूस दुरुस्तीला लागतील तेवढेच पैसे किमतीतून कापत नाही. त्या दगदगीचेही कापतो, आणि पुष्कळदा घासाघीस न करता दुसरे घर बघायला निघून जातो.

शिवाय जुनी सजावट पाहून न दिसणाऱ्या गोष्टींविषयी शंका येते. टाइल्स तीस वर्षांच्या असतील तर आतले लोखंडी पाइपही तेवढेच जुने असणार, हे कोणीही ताडतो. म्हणून खर्चाची सुरुवात इथून करावी. चिनी मातीचे जुने फ्यूज अजून असतील तर परवानाधारक वायरमनकडून एमसीबीचा, म्हणजे बिघाड होताच आपोआप वीज तोडणाऱ्या स्विचांचा, बोर्ड बसवून घ्यावा. भिंतीवर ओल किंवा खार दिसत असेल तर रंग देण्याआधी तिचे मूळ शोधावे: ती वरच्या मजल्याच्या बाथरूममधून येते, बाहेरच्या भिंतीतून येते की आपल्याच पाइपातून, यावर दुरुस्ती सोसायटीने करायची, शेजाऱ्याने की आपण, हे ठरते. ओलीवर मारलेला रंग एका पावसाळ्यात फुगतो, आणि दोष लपवून घर विकणे मला कोणत्याही हिशेबात योग्य वाटत नाही.

त्यानंतर काढून टाकण्याचे काम, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक यानेच पडतो. भिंतभर शोकेस सुताराकडून उतरवून घ्यावे. खोली लगेच मोठी दिसते. मात्र मागची भिंत खिळ्यांच्या भोकांसकट उघडी पडेल, तेव्हा शोकेस आधी आणि रंगारी नंतर, हा क्रम चुकवू नये. जुने डिस्टेंपर पूर्ण खरवडून, पुट्टी व प्रायमर लावून मगच इमल्शन द्यावे, नाहीतर पोपडे निघतात. सर्व खोल्यांना एकच फिकट रंग पुरे. जाड पडदे उतरवून खिडक्यांच्या काचा धुवाव्यात आणि मिणमिणत्या ट्यूबलाइट बदलाव्यात. माळा रिकामा करावा, कारण घर बघणारे तो हमखास उघडून पाहतात.

नवीन मॉड्युलर किचन मात्र विक्रीसाठी करू नये. आपण निवडलेला रंग आणि मांडणी घेणाऱ्याला आवडेलच असे नाही, आणि तो ते काढून टाकणार असेल तर आपले पैसे वाया गेले. ओटा कडप्प्याचा असला तरी स्वच्छ घासून, सांधे भरून, गळका नळ बदलून ठेवावा. सगळेच जुने टाकाऊ नसते, हेही ध्यानात ठेवावे. सागवानी दारे तशीच राखावीत, आणि कोटा किंवा मोझॅकच्या फरशीवर नवीन टाइल्स चिकटवण्याआधी तिला पॉलिश करून पाहावे. तडे नसतील तर तिची चमक पाहून मालकालाही आश्चर्य वाटते.

देवघर आणि वडीलधाऱ्यांच्या तसबिरी यांच्याविषयी घरात हळुवारपणे बोलावे लागते. देवघर राहू द्यावे, पण तसबिरी, सन्मानचिन्हे आणि मुलांच्या शाळेची प्रमाणपत्रे लवकर बांधून ठेवावीत, म्हणजे येणारा माणूस तिथे आपले कपाट कुठे बसेल याचा विचार करू शकतो.

ज्या कामांना हात लावला नाही, त्यांचे लेखी अंदाजपत्रक स्थानिक कंत्राटदाराकडून घेऊन ठेवावे. बाथरूमच्या फरशीला आणि वॉटरप्रूफिंगला हात लावायचा असेल तर सोसायटीची परवानगी लागते, तिचे नियमही सोबत ठेवावेत. घेणारा ‘सगळेच बदलावे लागेल’ म्हणत मोठी रक्कम कमी करायला सांगतो, तेव्हा तो कागद पुढे ठेवून कामागणिक आकडे दाखवता येतात, आणि बोलणी त्या आकड्यांपुरतीच राहतात.