जनुकाआधी पान मोजायला शिका

बीएस्सीला होते तेव्हा बांधावर उभं राहून आबांनी विचारलं होतं, "तू झाडांचंच शिकतीस न्हवं? मग सांग, पाणी तेच, रान तेच, ऊस एवढा वर जातो आणि भात का न्हाई?" मी म्हटलं, जातच वेगळी. ते गप्प बसले, पण माझं समाधान झालं नाही.

उत्तर प्रकाशसंश्लेषणात, म्हणजे पान उन्हावर अन्न कसं बनवतं त्यात होतं. ते दिसलं शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करताना. उसाच्या पानाचा ब्लेडने पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर प्रत्येक शिरेभोवती ठसठशीत हिरव्या पेशींचं कडं होतं. भाताच्या पानात तसं कडं नव्हतं. ऊस बाहेरच्या पेशींत कार्बन डायऑक्साइड चार कार्बनच्या संयुगात पकडतो आणि या कड्यात आणून सोडतो. तिथे रुबिस्को हे कार्बन डायऑक्साइड धरून साखरेच्या वाटेला लावणारं विकर (एन्झाइम) असतं, त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइड दाटून राहतो. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात उसावरच काम करून हे मांडलं. भात-सोयाबीनकडे ही सोय नाही. त्यांचं रुबिस्को मध्येच ऑक्सिजनही धरतं, मग ती चूक निस्तरण्यात कमावलेला कार्बन आणि ऊर्जा वाया जाते. हेच प्रकाशश्वसन.

प्रकाशसंश्लेषण सुधारण्याच्या आपल्या क्षेत्राचं मोठं काम इथेच चाललंय. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या गटाने तंबाखूत ही निस्तरानिस्तर जवळच्या वाटेने करून दाखवली. शेतातल्या चाचणीत झाडाचं एकूण वजन ४० टक्क्यांपर्यंत वाढलं. आकडा वाचून हुरळून जाऊ नका. तंबाखूत पाला वाढणं वेगळं आणि कणसात दाणा भरणं वेगळं.

आता माझी चूक सांगते, कारण ती नव्या मुलांकडून हमखास होते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी पानांच्या प्रकाशसंश्लेषणाचा वेग मोजत होते. मूळ रोपं सकाळी मोजली आणि जनुक बदललेली रोपं दुपारी. बदललेल्यांचे आकडे पडले. ती रोपं टाकून द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. खरी गोष्ट एवढीच होती की दुपारच्या उन्हात पर्णरंध्रं, म्हणजे पानाची हवा आत घेणारी बारीक छिद्रं, मिटत आली होती. सगळं पुन्हा मोजावं लागलं, एक हंगाम गेला. तेव्हापासून दोन्ही रोपं आलटून पालटून, एकाच वेळेत, वरून तिसरं पूर्ण उमललेलं पान मोजते. वहीत ऊन, तापमान आणि शेवटचं पाणी कधी दिलं तेही लिहिते.

या क्षेत्रात येण्याच्या वाटेबद्दल थोडक्यात: नेट किंवा गेट या पात्रता परीक्षा द्या, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर उत्तमच. उतीसंवर्धन (पेशींच्या तुकड्यापासून रोप वाढवणं), क्लोनिंग (जनुकाच्या प्रती काढणं) प्रयोगशाळेत शिकता येतं. विकरांच्या गतीचं गणित आणि संख्याशास्त्र मात्र आधीच पक्कं करा, त्याला पर्याय नाही. जनुक बदललेलं झाड शेतात नेण्यासाठी सरकारी परवानग्या लागतात, त्यात वर्षं जातात, हेही धरून चाला.

आणि श्रावणात एकदा सोयाबीनच्या रानात बसा. भर उन्हात पान जास्तीची ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकून स्वतःला वाचवतं. ढग आला की हे टाकणं लगेच थांबायला हवं, पण त्याला काही मिनिटं लागतात, तेवढा प्रकाश फुकट जातो. २०१६ मध्ये संशोधकांनी तंबाखूत हा वेळ कमी केला, तेव्हा वाढ सुमारे १५ टक्के जास्त मिळाली. आपल्याकडची ऊन-सावली दिवसात कितीदा बदलते, ते घड्याळ लावून नोंदवा. त्याला यंत्रही लागत नाही. माझा पहिला प्रकल्प मी याच नोंदींवरून मागितला होता.