स्पर्धेचा टॅन: रंग ओघळतो, नारिंगी होतो, डागाळतो, या चुका टाळा

आपल्याकडे सनलेस टॅनची, म्हणजे उन्हात न बसता कातडी गडद करणाऱ्या रंगाची बाटली उघडली जाते ती मुख्यतः शरीरसौष्ठवाच्या स्टेजसाठी. मुळात सावळ्या माणसाला टॅन कशाला, हा प्रश्न घरचे हमखास विचारतात. कारण आहे स्टेजवरचे दिवे. त्या झगझगीत प्रकाशात गव्हाळ कातडी फिकी पडते आणि महिनोन्‌महिने डाएट करून कमावलेले कट्स, म्हणजे स्नायूंमधल्या ठळक खाचा, पुसट होतात. शिवाय चेहरा आणि हात उन्हाने रापलेले, छाती आणि मांड्या उजळ, हा फरकही झाकायचा असतो.

बाटलीत काय आहे ते न बघणे

बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. या बाटल्यांमध्ये दोन वेगळे घटक असतात. पहिला डायहायड्रॉक्सीॲसिटोन, म्हणजे डीएचए. ही एक बिनरंगी साखर आहे. कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत थरातल्या अमिनो आम्लांशी तिचा संयोग होतो आणि तपकिरी रंग तयार होतो. पाव भाजताना त्यावर जी तांबूस खरपूस छटा येते, ती याच प्रक्रियेने. रंग दिसू लागायला २ ते ४ तास, पूर्ण चढायला ८ ते २४ तास लागतात. तो धुतल्याने जात नाही. मृत थर झडेल तसा ५ ते ७ दिवसांत उतरतो. दुसरा घटक ब्राँझर. हा निव्वळ वरून लावलेला रंग. लगेच दिसतो, आणि घामाने, पाण्याने, टॉवेलने निघतो.

स्पर्धेच्या बहुतेक बाटल्यांत दोन्ही असतात. लावताक्षणी आरशात दिसतो तो ब्राँझर. त्यावरून ‘अजून हवा’ म्हणत थर चढवत गेलात तर दुसऱ्या दिवशी डीएचएही चढलेला असतो आणि खाचा काळ्याकुट्ट रंगात बुडतात.

घरगुती वापराच्या लोशनमध्ये डीएचए साधारण ३ ते ५ टक्के असतं. ‘रोज थोडं लावा’ प्रकारच्या क्रीममध्ये त्याहून कमी, ती स्टेजसाठी कामाची नाही. जास्त टक्केवारी म्हणजे जास्त गडद रंग, हेही अर्धसत्यच. प्रमाणाबाहेर गेलं की रंग गडद होण्याऐवजी नारिंगी होतो. युरोपात अशा उत्पादनांवर १० टक्क्यांची मर्यादा आहे. बेस, म्हणजे रंगाची मूळ झाक, कोणता तेही बघा: पिवळसर झाक असलेल्या कातडीवर जांभळट बेस, लालसर झाक असेल तर हिरवट बेस बरा उतरतो.

स्पर्धेच्या किमान आठवडाभर आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून २४ तास थांबा. खाज किंवा पुरळ येते का आणि खरी छटा काय येते, दोन्ही कळतं.

तापलेली किंवा जुनी बाटली

डीएचए उष्णतेने बिघडतं. मे महिन्यात गाडीत विसरलेली बाटली फेकून द्या. वास उग्र झाला असेल किंवा रंग फाटून वेगळा झाला असेल तर लावूच नका. मित्राची गेल्या सीझनची उरलेली अर्धी बाटली फुकट मिळते खरी, पण तिच्यासाठी वर्षाची मेहनत पणाला लावू नये.

कातडी तयार न करणे

वॅक्सिंग २ ते ३ दिवस आधी, रेझर आदल्या दिवशी. लगेच केलं तर मोकळ्या रंध्रांत रंग साचून ठिपके दिसतात. शेवटचे ३ दिवस अंघोळीत घासणीने मृत कातडी काढा, विशेषतः कोपर, गुडघे, घोटे. टॅनच्या दिवशी मॉइश्चरायझर, परफ्यूम, डिओड्रंट काहीच नको. काखेत डिओड्रंटचा अंश राहिला तर तिथे हिरवट छटा येते, आणि डबल बायसेप्स पोझमध्ये हात वर गेले की ती सगळ्या सभागृहाला दिसते. साबण अल्कधर्मी असतो, त्याचा थर राहिला तरी छटा बिघडते. शेवटची अंघोळ साध्या पाण्याने करा आणि अंग पूर्ण कोरडं करा.

थर आणि वेळ

आदल्या संध्याकाळी २ थर, सकाळी गरज असेल तर तिसरा. दोन थरांमध्ये किमान २ ते ३ तास. मिट (रंग लावायचा मऊ हातमोजा) किंवा फोम वापरा, पायांकडून वर या, पाठ दुसऱ्याकडून लावून घ्या. कोपर, गुडघे, घोटे, मनगट इथे जाड कातडी रंग जास्त शोषते, म्हणून मिटवर उरलेलं तेवढंच फिरवा. चेहरा सर्वांत शेवटी, एकच पातळ थर. हातमोजे घालाच, तळवे तपकिरी झाले की आठवडा जातो. स्प्रे घेत असाल तर डोळे, नाक, ओठ झाका. तो फवारा श्वासात जाऊ देऊ नये.

मुंबईच्या दमट हवेत खरा शत्रू घाम. पंखा किंवा एसीत उभं राहून वाळवा. हात अंगाला चिकटवून बसू नका, काखेत आणि कोपराच्या घडीत रेघा पडतात. झोपताना सैल, गडद, पूर्ण बाह्यांचे कपडे. लघवीचे शिंतोडे मांडीवर उडाले तर पांढरे ओघळ उमटतात, म्हणून बसून करा.

ओघळ आलाच तर पुसू नका. कोरड्या कापडाने टिपा, जवळजवळ सुकलेल्या स्पंजने कडा मिसळा.

तेलाचा मारा

बॅकस्टेजला सर्वांत जास्त टॅन बिघडतो तो तेलाने. तेल ब्राँझर सोडवतं, आणि पंप-अपच्या, म्हणजे स्टेजआधी स्नायू फुगवायच्या व्यायामाच्या, घामाबरोबर तो ट्रंकवर (स्पर्धेच्या चड्डीवर) उतरतो. स्टेजवर जायच्या काही मिनिटं आधी तळहातावर थोडंसं तेल पसरून ते अंगावर थापटायचं, चोळायचं नाही. आयएफबीबी या आंतरराष्ट्रीय शरीरसौष्ठव संघटनेच्या नियमांत पुसल्यावर निघणारा टॅन, चकाकी, सोनेरी रंग चालत नाही. असा खेळाडू स्टेजवर जाण्याआधीच अडवला जाऊ शकतो. कॉफी किंवा कोको पावडर तेलात कालवून लावणं याच कारणाने बाद. तुमच्या संघटनेचे नियम आधी वाचा.

गोळ्या आणि इंजेक्शन

जिममध्ये ‘आतून रंग आणणारं’ काही विकायला आलं तर नाही म्हणा. कॅन्थाझँथिन या रंगद्रव्याच्या गोळ्यांनी डोळ्याच्या पडद्यावर स्फटिक साचतात. मेलॅनोटॅन या कातडी गडद करणाऱ्या कृत्रिम संप्रेरकाची इंजेक्शनं टॅनसाठी मान्यताप्राप्त नाहीत. मळमळ होते, तीळ गडद होतात, बदलतात, आणि कुपीत नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

नंतरचं ऊन आणि साफसफाई

हा रंग कातडीला उन्हापासून वाचवत नाही. बाहेर पडताना सनस्क्रीन हवंच. उतरवायचा असेल तर खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवा, गरम पाण्याने अंघोळ करा, साखर आणि तेलाच्या मिश्रणाने हलकं घासा. रोज एकदा, तीन-चार दिवस. एका दिवसात साफ करायला गेलात तर कातडी सोलवटते आणि रंग ठिगळा-ठिगळांत राहतो. पुढचा शो आठवड्याभरात असेल तर जुना रंग पूर्ण काढूनच नवा थर चढवा.