मंगळावरचा जुना लँडर कक्षेतल्या फोटोत कसा ओळखावा

आधी मुंबईचा उपग्रह-नकाशा उघडा आणि शिवाजी पार्कवरची एखादी क्रिकेटची खेळपट्टी शोधा. तिची रुंदी तीन मीटर. १९७६ साली मंगळावर उतरलेल्या नासाच्या दोन व्हायकिंग लँडरांपैकी प्रत्येक साधारण तेवढाच रुंद आहे. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरचा हायराइज कॅमेरा सुमारे ३०० किलोमीटरवरून फोटो काढतो आणि त्यातला एक पिक्सेल जमिनीवरच्या अंदाजे ३० सेंटिमीटरचा असतो. म्हणजे आख्खा व्हायकिंग दहा पिक्सेलमध्ये संपतो, आणि दोन मीटरहून लहान असलेला ब्रिटिश लँडर बीगल-२ सहा-सात पिक्सेलमध्ये. अँटेना आणि पाय दिसतील ही आशा इथेच सोडून द्या.

कॅमेरा हायराइजच हवा. त्याच यानावरच्या सीटीएक्स कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सहा मीटरचा आहे, त्यात लँडर मावून वर जागा उरते. मंगळयानाच्या फोटोंत लँडर शोधा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मंगळयानाचा मला मनापासून अभिमान आहे, पण त्याच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल अगदी जवळून घेतलेल्या फोटोतही वीस मीटरच्या आसपास होता. वेगळ्या कामासाठी बनवलेल्या कॅमेऱ्याकडून ही अपेक्षा ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे.

हायराइजच्या फोटोची फाइल निवडताना नावातले शेवटचे चार आकडे बघा, त्यात अक्षांश दडलेला असतो. २०२५ म्हणजे २०२.५; त्यातून १८० वजा केले की २२.५ अंश उत्तर अक्षांश. हा व्हायकिंग-१ चा पट्टा. २२८० म्हणजे ४८ अंश उत्तर, तिथे व्हायकिंग-२ आहे. रेखांश घेताना जुन्या तक्त्यांपासून सावध राहा, ते पश्चिम रेखांश देतात. व्हायकिंग-१ चा रेखांश ४८ अंश पश्चिम, म्हणजे ३१२ अंश पूर्व. अक्षांश मोजण्याच्याही दोन पद्धती आहेत. त्यांची गल्लत झाली तर व्हायकिंग-१ ची जागा बारा-चौदा किलोमीटर सरकते आणि तुम्ही भलत्याच मैदानात दगड मोजत बसता.

फाइल मोठी असते, रात्री डाउनलोडला लावा. उघडायला हायव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

आता खरी अडचण. दगड कोणता आणि यंत्र कोणतं?

इथे माझा एक महिना गेला. व्हायकिंग-२ ज्या युटोपिया मैदानात उतरला, तिथे नजर जाईल तिकडे दगड आहेत. मी चारशे टक्के झूम केलं, शार्पनिंग चढवलं, आणि मला तीन पायांवर उभा असलेला लँडर दिसला. त्याची प्रिंट काढून मुलुंडच्या घरी भिंतीवर लावली. माझ्या भाच्याने त्याच जागेचा दुसऱ्या तारखेचा फोटो उघडला आणि म्हणाला, "मावशी, ह्यात पाय नाहीत." खरंच नव्हते. शार्पनिंग गडद वस्तूभोवती उजळ आणि उजळ वस्तूभोवती गडद कडा उमटवतं, त्या कडांनाच मी पाय समजले होते. तेव्हापासून शार्पनिंग कायम बंद, आणि दोनशे टक्क्यांच्या पुढे झूम नाही. तुम्हीही हे पाळा.

ही चूक नवख्यांपुरती नाही. १९९९ च्या डिसेंबरमध्ये हरवलेला मार्स पोलर लँडर २००५ साली सापडल्यासारखा वाटला होता, आणि तेही मंगळाच्या फोटोंवर आयुष्य घालवलेल्या तज्ज्ञांना. त्याच वर्षी अधिक स्पष्ट फोटो आला. पॅराशूट वाटलेली गोष्ट टेकडीचा उन्हातला उतार निघाली. तो लँडर अजून सापडलेला नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे: रूपावरून लँडर ओळखायला जाऊ नका. सावली, दुसरी तारीख आणि सोबतचं सामान, या तीन गोष्टींवर ओळखा.

सावली आधी. हायराइज ज्यावर आहे ते यान मंगळावरच्या वेळेनुसार दुपारी तीनच्या सुमारास फोटो काढतं, त्यामुळे ऊन पश्चिमेकडून येतं. उत्तर वर ठेवून मांडलेल्या फोटोत प्रत्येक उंच वस्तूची सावली उजवीकडे पडायला हवी. उजळ ठिपक्याला सावलीच नसेल तर तो फिक्या मातीचा डाग असेल किंवा नुसता नॉइज, म्हणजे कॅमेऱ्यात चुकून उमटलेला ठिपका. मात्र ६५ अंश अक्षांशाच्या पलीकडे नकाशाची मांडणी बदलते आणि उत्तर वर राहत नाही. ६८ अंश उत्तरेवरचा फीनिक्स लँडर शोधताना आधी आसपासच्या दगडांच्या सावल्या कुठे पडल्यात ते बघा.

मग दुसऱ्या तारखेचा फोटो. नॉइज त्यात नसतो. दगड जसाच्या तसा असतो. माणसाने पाठवलेल्या वस्तू मात्र बदलतात: त्यांच्यावर धूळ बसते, आणि क्युरिऑसिटी या रोव्हरचं पॅराशूट तर वाऱ्याने हललेलं वेगवेगळ्या फोटोंत दिसलं आहे.

तिसरं, सोबतचं सामान. लँडर एकटा उतरत नाही. पॅराशूट, वरचं कवच आणि उष्णतारोधक ढाल आसपास पडलेली असतात, कधी शेकडो मीटरवर, कधी त्याहून दूर. पॅराशूट लँडरपेक्षा मोठं आणि उजळ, म्हणून शोध तिथून सुरू करावा. १९७१ साली उतरून काही सेकंदांत गप्प झालेल्या सोव्हिएत मार्स-३ चे संभाव्य अवशेष रशियातल्या हौशी लोकांना असेच दिसले, आणि २०१३ मध्ये ते जाहीर झालं. प्रत्येक तुकडा फोटोत केवढा दिसेल याचा हिशेब त्यांनी आधी मांडला होता.

पहिला सराव पाथफाइंडर या लँडरवर करा. त्याने जमिनीवरून काढलेल्या फोटोंत क्षितिजावर दोन जुळ्या टेकड्या आहेत, साधारण एक किलोमीटरवर. त्या वरून सापडल्या की मागे मोजत यायचं. व्हायकिंग-२ सगळ्यात शेवटी.

काही सापडलंच तर दोन्ही तारखांच्या फाइलींची नावं आणि पिक्सेलची जागा लिहून कॅमेऱ्याच्या चमूला कळवा. चेन्नईच्या षण्मुग सुब्रमणियन यांनी चंद्रावर कोसळलेल्या विक्रमचा तुकडा आधीच्या आणि नंतरच्या फोटोंतला फरक बघून शोधला आणि नासाला कळवला. चंद्राचे ते फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या चमूने स्वतः तपासून डिसेंबर २०१९ मध्ये त्यांच्या शोधाला दुजोरा दिला. नुसता गोल काढलेला स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यावरून कुणालाच काही तपासता येत नाही.