लँडिंग पेजवरचा गणक : अफिलिएट पानाला स्क्रिप्ट कशी जोडावी

बेळगावच्या खडेबाजारात इन्व्हर्टर विचारायला गेलेल्या गिऱ्हाइकाला जाणता दुकानदार किंमत सांगण्याआधी उलट प्रश्न विचारतो. घरात पंखे किती, टीव्ही चालवायचा आहे का, लाईट गेली की साधारण किती वेळ येत नाही? त्या उत्तरांवरून तो बॅटरी सुचवतो, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो तो या प्रश्नांमुळेच. अफिलिएट लँडिंग पेजवर, म्हणजे दुसऱ्याच्या मालाची शिफारस करून विक्रीमागे कमिशन मिळवण्यासाठी तयार केलेल्या पानावर, हे प्रश्न विचारणारे कोणी नसते. स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्टचा छोटा प्रोग्रॅम, जोडायची ती ही उणीव भरून काढण्यासाठी. फिरणारी बक्षीसचक्रे आणि पडद्याच्या कोपऱ्यातून उसळणाऱ्या खिडक्या या कामाच्या नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढील विवेचन त्या मताला धरूनच केले आहे.

उदाहरण म्हणून खानापूर तालुक्यातील घरांसाठी इन्व्हर्टरची बॅटरी सुचवणारे एक पान घेऊ, कारण पावसाळ्यात तिकडे वीज गेल्यावर पडणारा प्रश्न सर्वांच्या परिचयाचा आहे. वाचक आपल्या घरातील उपकरणे निवडेल आणि बॅटरी किती तास पुरेल हे पान त्याला सांगेल, एवढेच आपल्या स्क्रिप्टचे काम; यालाच पुढे गणक म्हटले आहे. एचटीएमएलची तोंडओळख आहे असे मी गृहीत धरतो.

पहिली पायरी स्क्रिप्ट लिहिण्याची नाही, तर स्क्रिप्टशिवाय पूर्ण असलेले पान तयार करण्याची आहे. कणकुंबीकडे जाणाऱ्या घाटरस्त्याच्या बाजूच्या गावात पान अर्धे उतरून नेटवर्क गेले, तर मजकूर दिसतो पण स्क्रिप्टची फाईल पोहोचत नाही. अशा वेळी वाचकासमोर रिकामी चौकट उरली, तर तो परत येत नाही. म्हणून गणकाच्या जागी मुळातच एक लहानसा तयार तक्ता ठेवावा आणि स्क्रिप्ट पोहोचल्यावरच तिने तो तक्ता झाकून गणक दाखवावा. खरेदीचा दुवादेखील मूळ एचटीएमएलमध्ये साधा दुवा म्हणून लिहिलेला असावा आणि त्याच्या 'रेल' या गुणधर्मात 'स्पॉन्सर्ड' ही खूण असावी. मोबदल्याच्या दुव्यांसाठी ही खूण गूगलने २०१९ मध्ये आणली. दुवा स्क्रिप्टमधून घडवण्याचा मोह पुष्कळांना होतो. स्क्रिप्ट अडली की दुवा नाही, आणि दुवा नाही तर कमिशनही नाही, हे साधे गणित ते विसरतात.

आता खरे गणित. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदोपत्री १,८०० वॅट-तास वीज साठवते. ही क्षमता बहुधा २० तासांत सावकाश बॅटरी उतरवण्याच्या हिशोबाने छापलेली असते, म्हणजे सुमारे ९० वॅटच्या भाराला ती लागू पडते; भार वाढला की प्रत्यक्ष क्षमता घटते, आणि इन्व्हर्टर स्वतःही काही वीज खातो. म्हणून मी छापील आकड्याला ०.७ ने गुणतो आणि १,२६० वॅट-तास धरतो. दोन जुने पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे, चार एलईडी दिवे प्रत्येकी ९ वॅटचे आणि १० वॅटचा राउटर मिळून १९६ वॅट होतात. १,२६० ला १९६ ने भागले की जवळपास ६.४ तास येतात. त्यात ५४ वॅटचा टीव्ही मिळवला की भार २५० वॅट होतो आणि उत्तर पाच तासांवर येते. टीव्हीच्या चौकटीत खूण करताच जवळपास १.४ तास कमी होताना वाचक डोळ्यांनी पाहतो. पानभर वर्णन करून हा परिणाम साधत नाही.

बांधणी अशी करावी. प्रत्येक उपकरणासाठी एक चौकट आणि संख्येसाठी एक रकाना असलेला साधा अर्ज एचटीएमएलमध्ये लिहावा, उपकरणाचे वॅट त्या घटकावरच 'डेटा' गुणधर्म म्हणून नोंदवावेत, म्हणजे उद्या पंख्याचा आकडा बदलायचा झाल्यास स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही. स्क्रिप्ट वेगळ्या फाईलमध्ये ठेवून ती 'डिफर' या गुणधर्मासह जोडावी. त्यामुळे ब्राउझर पान वाचता वाचताच ती उतरवून घेतो, पण पानाची मांडणी वाचून पूर्ण झाल्यावरच चालवतो. प्रत्येक रकान्यावर स्वतंत्र पहारा बसवण्याऐवजी संपूर्ण अर्जावर एकच 'इनपुट' घटना ऐकावी. घटना घडली की सर्व चौकटींवरून फिरून भाराची बेरीज करावी, भागाकार करावा आणि उत्तर निकालाच्या जागी 'टेक्स्टकन्टेन्ट'च्या मार्गाने, म्हणजे निव्वळ मजकूर म्हणून, लिहावे. मजकुराला एचटीएमएल मानणारे 'इनरएचटीएमएल' वापरू नये, विशेषतः पानाच्या पत्त्यातून (यूआरएलमधून) आलेली एखादी माहिती पानावर दाखवायची असेल तेव्हा तर नाहीच, कारण त्या वाटेने परक्याने लिहिलेली स्क्रिप्ट आपल्या पानावर चालू शकते. निकालाच्या घटकाला 'एरिया-लाइव्ह' हा गुणधर्म 'पोलाइट' या मूल्यासह द्यावा, म्हणजे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकालाही बदललेले उत्तर ऐकू येते. एकही उपकरण निवडलेले नसेल तर शून्याने भागाकार होऊन पडद्यावर 'इन्फिनिटी' उमटते, म्हणून भागण्यापूर्वी भार शून्य आहे का हे तपासावे आणि तसे असल्यास "एखादे उपकरण निवडा" एवढेच सांगावे.

आकड्यांच्या बाबतीत माझ्याच हातून झालेली चूक येथे सांगणे इष्ट ठरेल. पहिला गणक तयार केल्यावर निपाणीच्या एका नातेवाइकांनी फोन करून विचारले की पंख्यांची संख्या लिहिली की "एनएएन तास" असे काय येते. त्यांच्या मोबाईलचा कळफलक मराठी होता आणि त्यांनी '२' हा देवनागरी अंक टाइप केला होता. जावास्क्रिप्टला मजकुराचा आकडा करताना फक्त इंग्रजी अंक कळतात. देवनागरी अंक दिला की ती 'हा आकडाच नव्हे' असे उत्तर देते, आणि ते उत्तर मी तपासून न पाहता थेट पडद्यावर पाठवले होते. उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि इंग्रजी शून्याचा ४८, त्यामुळे देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की नेमका त्याच इंग्रजी अंकाचा क्रमांक मिळतो. आपल्या भागात कन्नड अंकांचीही सोय ठेवावी. कन्नड शून्याचा क्रमांक ३३०२ असल्यामुळे तेथे ३२५४ वजा करावे. रकान्याचा प्रकार 'नंबर' न ठेवता 'टेक्स्ट' ठेवावा आणि 'इनपुटमोड' या गुणधर्मात 'न्यूमरिक' लिहावे, कारण 'नंबर' प्रकारचा रकाना देवनागरी अंक बहुधा स्वीकारतच नाही आणि मग आपल्या रूपांतराला वावच मिळत नाही.

उत्तर कसे दाखवावे हाही विचार करण्याजोगा भाग आहे. "६.४३ तास" हे उत्तर गणिती दृष्ट्या बरोबर असले तरी आपल्याकडे कोणी तसे बोलत नाही, आपण सव्वासहा तास म्हणतो. स्क्रिप्टकडून हे करून घेणे अवघड नाही. तासांना ४ ने गुणून अपूर्णांक सोडून द्यावा, म्हणजे ६.४३ चे २५ होतात. २५ ला ४ ने भागल्यास भागाकार ६ आणि बाकी १ येते. बाकी ० असेल तर नुसता आकडा, १ असेल तर 'सव्वा', २ असेल तर 'साडे' आणि ३ असेल तर 'पावणे' लावून पुढचा आकडा लिहावा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच हे अपवाद वेगळ्या यादीत ठेवावे लागतात, नाहीतर पान "साडेएक तास" असे लिहून मोकळे होते. अपूर्णांक वरच्या बाजूला न नेता नेहमी सोडून द्यावा. बॅटरी सांगितल्यापेक्षा जरा जास्त चालली तर कोणी तक्रार करत नाही. मोठे आकडे देवनागरीत आणि लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसह दाखवायचे असतील, तर ब्राउझरमधील 'इंटल नंबरफॉरमॅट' या सोयीला 'एमआर-आयएन' ही भारतातील मराठीची खूण दिली की काम होते.

भाषेविषयी थोडेसे. मोबाईलची भाषा ओळखून वाचकाला आपोआप कन्नड किंवा इंग्रजी पानावर ढकलणारी स्क्रिप्ट सीमाभागात वापरू नये. घरात मराठी बोलणाऱ्या पुष्कळांचे मोबाईल इंग्रजीत असतात आणि काहींचे कन्नडमध्ये, त्यामुळे हा अंदाज वारंवार चुकतो. कन्नड मजकुराला स्वतंत्र पत्ता द्यावा आणि पानाच्या माथ्यावर त्याचा साधा दुवा ठेवावा.

कमिशनची नोंद दुव्यावर अवलंबून असल्यामुळे दुव्याशी खेळताना हात आखडता ठेवावा. कोणत्या पानावरून क्लिक आला हे कळावे म्हणून अनेक अफिलिएट योजनांमध्ये दुव्याला स्वतःची उपखूण जोडण्याची मुभा असते. ती जोडताना मजकुरापुढे मजकूर चिकटवू नये, कारण दुव्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल तर दुसरे प्रश्नचिन्ह पडून दुवा बिघडतो आणि पुढची माहिती समोरच्या सर्व्हरला नीट वाचता येत नाही. ब्राउझरमध्ये 'यूआरएल' हा तयार घटक आहे. त्याच्या 'सर्चपॅराम्स'मधील 'सेट' वापरला की जुनी माहिती जागेवर राहते आणि नवी खूण योग्य ठिकाणी बसते. क्लिकची स्वतःकडे नोंद ठेवायची असेल तर 'सेंडबीकन' वापरावे, कारण वाचक दुसऱ्या संकेतस्थळाकडे निघालेला असताना साधी विनंती वाटेतच रद्द होऊ शकते. उत्तर आल्यावर काही सेकंदांनी दुकानाचे पान आपोआप उघडणारी स्क्रिप्ट लिहू नये. वाचकाने स्वतः दाबल्याशिवाय उघडणारी खिडकी ब्राउझर सहसा अडवतो, आणि अशा बळजबरीच्या क्लिकवर अफिलिएट योजना खाते बंदही करू शकते.

किमती स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नयेत. त्या दुकानाच्या पानावर बदलत राहतात आणि आपले पान खोटे ठरते. अ‍ॅमेझॉनच्या अफिलिएट योजनेत तर त्यांनी पुरवलेल्या मार्गाशिवाय किमती दाखवण्यावर बंधन आहे. पिनकोड विचारणारी चौकटही मी टाळतो. ५९० किंवा ५९१ ने सुरू होणारा पिनकोड घेऊन आपण काय करणार? माल पोहोचेल की नाही हे फक्त दुकानालाच ठाऊक असते, आणि कामाशिवाय गोळा केलेली माहिती सांभाळण्याची जबाबदारी मात्र आपल्यावर येते.

उलटी मोजणाऱ्या घड्याळाबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण तयार स्क्रिप्टच्या संग्रहांमध्ये ते हटकून सापडते. सवलत खरोखर त्या वेळी संपत असेल तर घड्याळाला हरकत नाही. पान पुन्हा उघडले की पुन्हा १५ मिनिटांपासून सुरू होणारे घड्याळ मात्र खोटी घाई निर्माण करते, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये फसव्या रचनांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत नमूद केलेल्या १३ प्रकारांमध्ये ही खोटी घाई आहे. "फक्त दोनच शिल्लक" असे यादृच्छिक आकडे दाखवणारी स्क्रिप्टही त्याच प्रकारात मोडते. दुव्यातून आपल्याला कमिशन मिळते ही सूचना गणकाच्या वर, दुवा दिसण्याआधी आणि पान ज्या भाषेत आहे त्याच भाषेत लिहावी. मराठी पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत इंग्रजी ओळ टाकून भागत नाही.

तपासणीत दोन-तीन गोष्टी निकडीच्या आहेत. निकालाची जागा आधीपासून राखून ठेवावी, म्हणजे उत्तर उमटताच खालचा मजकूर उडी मारत नाही आणि वाचकाचे बोट भलत्याच ठिकाणी पडत नाही. गूगलच्या निकषांनुसार मांडणीच्या सरकण्याचा गुणांक ०.१ पेक्षा कमी, मुख्य मजकूर दिसण्याचा वेळ २.५ सेकंदांच्या आत आणि स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत असावा. आपला गणक या कसोटीत सहज उतरतो. पान जड होते ते बहुधा बाहेरून आणलेल्या गप्पांच्या खिडक्या, मोजणीच्या स्क्रिप्ट आणि देवनागरी फाँटच्या अवजड फाईलींमुळे. फाँट येईपर्यंत मोबाईलमधलाच फाँट दिसावा यासाठी 'फाँट-डिस्प्ले'ला 'स्वॅप' हे मूल्य द्यावे.

शेवटी ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट बंद करून पान उघडावे आणि तयार तक्ता व खरेदीचा दुवा जागेवर आहेत ना हे पाहावे. मग ती चालू करून एखाद्या जुन्या मोबाईलवर मराठी कळफलकाने '२' टाइप करावा, सर्व खुणा काढून शून्य भाराचे उत्तर पाहावे आणि दुवा दाबून पुढच्या पानाच्या पत्त्यात आपली उपखूण पोहोचली आहे का हे वाचून घ्यावे. दुव्यात किंवा स्क्रिप्टमध्ये पुढे कधीही बदल केला, तरी एवढी तपासणी त्याच दिवशी पुन्हा करावी.