पॅसिव्ह व्हॉइसला हात घालायच्या आधी काय काय तयार पाहिजे

दहावीचा पेपर असो नाहीतर सरळसेवेचा, 'चेंज द व्हॉइस' दिसलं की आमच्याकडची लेकरं पहिलं काम काय करतेत तर वाक्य उलटं करतेत, मागचं पुढं, पुढचं मागं, मधात एक बाय ठोकला की झालं, आणि क्रियापद बिचारं जसंच्या तसं. सगळा खेळ क्रियापदाचाय राव. म्हणून तयारी तिथूनच धरा.

सगळ्यात आधी व्ही थ्री, म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप. बाजारात मिळतेत त्या लांबलचक याद्या पाठ करत बसू नका, ज्यांना साधं ईडी लागतं ती सोडून द्या आणि वाकडी तेवढी वहीत काढा: ब्रेक-ब्रोक-ब्रोकन, सो-सोड-सोन (पेरणं), ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट. कट, पुट, हर्ट तिन्हीकडं सारखेच. रीडचं स्पेलिंग तेच राहतं, उच्चार तेवढा रेड होतो. फाइंडचं दुसरं-तिसरं रूप फाउंड, पण फाउंड म्हणजे स्थापन करणं हे वेगळंच क्रियापद, त्याचं फाउंडेड होतं. त्यामुळं 'मिलिंद कॉलेज वॉज फाउंडेड बाय डॉक्टर आंबेडकर इन १९५०' हेच बरोबर, तिथं नुसतं फाउंड लिहिलं तर कॉलेज कुठंतरी हरवलं होतं आणि मग सापडलं असा अर्थ व्हायचा.

मग बी ची रूपं, मार्क खरे इथं जातेत. एकच वाक्य घ्या, 'दे पिक द कॉटन', आणि तेच सगळ्या काळातून फिरवा: इज पिक्ड, इज बीइंग पिक्ड, हॅज बीन पिक्ड, वॉज पिक्ड, वॉज बीइंग पिक्ड, हॅड बीन पिक्ड, विल बी पिक्ड, विल हॅव बीन पिक्ड. झाले आठ. बारा काळांतले उरलेले चार, म्हणजे तिन्ही परफेक्ट कंटिन्युअस आणि फ्युचर कंटिन्युअस, यांचं पॅसिव्ह परीक्षेत करायला देत नाहीत, त्याच्यावर रात्र घालवू नका. कॅन, मस्ट, शुड असलं तर पुढं बी आणि व्ही थ्री, विषय संपला. चालू काळात बीइंग आणि परफेक्टमधी बीन, ही अदलाबदल चांगल्या चांगल्यांची होते म्हणून ही आठ रूपं तोंडाने म्हणा, नुसती बघू नका.

वाक्य हातात आलं की कर्म आहे का ते बघा. 'काय' किंवा 'कोणाला' विचारलं आणि उत्तर आलं तरच पुढं जायचं. गो, स्लीप, कम, हॅपन यांना कर्मच नसतं, त्यांचं पॅसिव्ह होत नाही.

आता आपल्या मराठीची गंमत. 'गड्याने पोती भरली' यात पोती अनेकवचनी म्हणून भरली, म्हणजे आपलं भूतकाळातलं क्रियापद आधीच कर्माच्या मागं चालतं, कर्मणी प्रयोग तोच. म्हणून लेकरं 'ने' दिसला की बाय लावून मोकळी होतेत, पण इंग्रजीत 'ही फिल्ड द बॅग्ज' हे सरळ ॲक्टिव्हच आहे, तिथं बायचा काही संबंध नाही. फायदा मात्र एक आहे, वॉज का वेअर असा घोळ झाला की मराठीत म्हणून बघा, भरली कोण तर पोती, म्हणून 'द बॅग्ज वेअर फिल्ड'.

सर्वनामं बदलायची, ही चं बाय हिम, दे चं बाय देम, हे सगळ्यांना येतंच. पण बाय दरवेळी लागतोच असं नाही. पीपल, समवन असले कर्ते सरळ उडवा. 'द युनिव्हर्सिटी वॉज रिनेम्ड इन १९९४' म्हटलं की औरंगाबादच्या विद्यापीठाचा नामविस्तार कळतो, कोणी केला हे वाक्यात नसलं तरी चालतं. आणि बाय दिसला म्हणजे तोच कर्ता असंही समजू नका: 'वॉटर वॉज ब्रॉट टू लातूर बाय ट्रेन इन २०१६', इथं ट्रेन हे साधन आहे, मिरजेहून पाणी आणणारं कोणी दुसरंच. याचं ॲक्टिव्ह करा म्हटलं तर 'दे ब्रॉट वॉटर टू लातूर बाय ट्रेन', ट्रेन जागची हलत नाही. नो (माहीत असणं) ला बायच्या जागी टू लागतो आणि सरप्राइज्डला ॲट, अशी तीनचार पाठच करून टाका.

शेवटच्या दिवसासाठी फुटकळ ठेवा. डिड वाला प्रश्न वॉज-वेअरने सुरू होतो, हू चं बाय हूम होतं. हुकूम असला तर लेट, 'लेट द डोअर बी शट', प्लीज असलं तर 'यू आर रिक्वेस्टेड टू'. गिव्हला दोन कर्मं असतेत, माणूस पुढं घेतला तर वाक्य जास्त सरळ वाटतं, 'आय वॉज गिव्हन अ बुक'. आणि लाफ ॲट सारखं जोडक्रियापद आलं तर ॲट गिळू नका, 'ही वॉज लाफ्ड ॲट बाय देम', ॲट बाय शेजारी शेजारी बघून लई जण घाबरून एक खोडतेत, दोन्ही राहू द्या.